नुसतं बसायला जागा

माथेरानहून परतल्याला आज अकरा दिवस झाले आणि आमच्या गटावरचा गलका अजून थांबलेला नाही. रोज कुणीतरी एखादा फोटो टाकतं. अंजनीच्या फांदीला बिलगलेला निळाजांभळा बहर, कुणाच्या तरी ओंजळीतले हिरडे, लाल मातीनं माखलेले बूट. मग त्याखाली 'आठवतंय ना' सुरू होतं. कुठल्या वळणावर माकडानं पिशवी ओढली, रात्री अंगणात कुणी 'हे सुरांनो चंद्र व्हा' म्हटलं, जेवताना ठेचा कुणी आणला होता. दोन दिवसांत जे घडलं ते आम्ही अकरा दिवस पुन्हा पुन्हा सांगतो आहोत. घरातले विचारतात, एवढं काय झालं तिथं? काहीच झालं नाही. आम्ही बसलो होतो.

हा लेख त्या बसण्याबद्दल आहे.

आमचा गट झाडं ओळखणाऱ्यांचा. एप्रिल २०२० मध्ये, सगळे दाराआड असताना, कुणीतरी खिडकीतून दिसणाऱ्या झाडाचा फोटो टाकून विचारलं, 'हे कोणतं?' एकजण म्हणाला करंज, दुसरीनं पानाची मांडणी दाखवून पटवलं की करंजच. तेव्हापासून एकसष्ट जण जमलो. बहुतेकांनी झाडांचीच टोपणनावं घेतली. बहावा सांगलीत गाड्यांचे सुटे भाग विकतो. काटेसावर परभणीजवळ शिक्षिका आहे. अर्जुनकाका नागपूरला पोस्टातून निवृत्त झाले. मी बकुळ. पाच वर्षं आम्ही एकमेकांना याच नावांनी हाका मारत आलो. फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी दस्तुरी नाक्यावर तेवीसजण समोरासमोर उभे राहिलो, बहुतेक पहिल्यांदाच. तिथून पुढे मोटारी जात नाहीत, म्हणून सगळ्यांना तिथंच उतरावं लागतं. चेहरे अनोळखी होते, पण कुणी 'आला का गं डबा?' म्हणालं की आवाजावरून लगेच कळायचं, ही पांगारा.

मुक्कामाच्या ठिकाणी नोंदवहीसाठी आधार कार्डं मागितली. सगळ्यांनी काढून काउंटरवर ठेवली. तेवीस कार्डं पसरलेली, प्रत्येकावर नाव आणि आडनाव. पाच वर्षांत ती आडनावं आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. क्षणभर सगळेच गप्प झाले. आडनाव वाचलं की गाव, गावावरून जात, जातीवरून पुढचं सगळं मनात आपोआप जुळायला लागतं. आपल्याकडे हे लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं. बहाव्यानं काही न बोलता ती कार्डं गोळा केली, पत्त्यांसारखी सरळ केली आणि पालथी ठेवून मॅनेजरकडे सरकवली. या अकरा दिवसांत शेकडो फोटो आले, पण त्या काउंटरचा फोटो कुणी काढला नव्हता आणि त्याबद्दल कुणी लिहिलंही नाही. मला मात्र या दोन दिवसांतलं सगळ्यात जास्त तेच आठवतं.

मराठी माणसाची मैत्री कुठं होते? शाळेत, चाळीत, गल्लीत, कचेरीत. घर कुठल्या वस्तीत आणि शाळा कोणती, यातच आडनावांची चाळणी आधीच लागलेली असते. पुढे संस्था, मंडळं, वधुवर मेळावे, त्यातली बरीचशी ज्ञातीची. या चाळण्यांच्या बाहेर, निव्वळ करंजाच्या पानावरून दोन माणसं बोलायला लागतात आणि पाच वर्षं बोलत राहतात, ही महाराष्ट्रात साधी गोष्ट नाही. वारीच्या वाटेवर दिंडीत चालणाऱ्यांना ती माहीत आहे. वर्षातून एकदाच भेटणारी माणसं एकमेकांना 'माउली' म्हणतात आणि तेवढ्यानं भागतं. शहरात राहणाऱ्या, नोकरी-संसारात अडकलेल्या माणसांना हा अनुभव फोनच्या पडद्यानं दिला. म्हणून या मैत्रीला कुणी 'आभासी' म्हटलं की मला तो शब्द सहन होत नाही. आभास म्हणजे नसलेली गोष्ट असल्यासारखी दिसणं. काटेसावरीच्या यजमानांचं गेल्या वर्षी अचानक निधन झालं तेव्हा तेराव्यापर्यंत तिच्या मुलाची फी, गावाकडच्या पाहुण्यांची सोय, बँकेतले कागद यातलं किती काम या 'आभासी' माणसांनी केलं, ते तिलाच विचारावं.

दूर राहून केलेली मैत्री आपल्याला नवीनही नाही. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहिले, सभासंमेलनांपासून लांब राहिले, आणि पुण्या-मुंबईतल्या माणसांशी त्यांनी पत्रांतून मैत्री ठेवली. १९८७ साली ते गेल्यावर ती पत्रं खंडाखंडांनी छापली गेली. त्या मैत्रीला कुणी खोटी म्हटल्याचं ऐकिवात नाही. मग पत्राचा कागद गेला आणि काच आली एवढ्यानं मैत्री खोटी कशी होते?

नॉर्वेतल्या मॅट्स स्टीनची गोष्ट आता पुष्कळांना माहीत झाली आहे. स्नायू झिजवणारा डुशेनचा आजार घेऊन जन्मलेला हा मुलगा अखेरची कितीतरी वर्षं चाकांच्या खुर्चीत होता. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ तो तासन् तास खेळायचा. आईवडिलांना वाईट वाटायचं, पोराला मित्र नाहीत, प्रेम नाही, आयुष्य असं खोलीत संपणार. २०१४ च्या नोव्हेंबरात, पंचविसाव्या वर्षी, तो गेला. तो इंटरनेटवर स्वतःबद्दल लिहायचा, तिथं वडिलांनी त्याच्या मृत्यूची बातमी टाकली. मग निरोपांची रीघ लागली. खेळातल्या सोबत्यांनी लिहिलं की त्यानं आमचं ऐकून घेतलं, अडचणीत धीर दिला, घरातला तुटलेला संवाद जोडून दिला. अंत्यविधीला युरोपातल्या निरनिराळ्या देशांतून अशी माणसं आली ज्यांनी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. आईवडिलांना आपला मुलगा कोण होता ते त्या दिवसांत कळलं.

ही गोष्ट मला दोन अंगांनी महत्त्वाची वाटते. एक म्हणजे, मैत्री खरी ठरायला प्रत्यक्ष भेटीच्या दाखल्याची गरज नाही. ज्यांना बाहेर पडता येत नाही त्यांचं मैत्र कमअस्सल मानण्याचा अधिकार कुणालाच नाही. आमच्याच गटात चिपळूणची एक ताई आहे. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंमुळे तिला दोन दिवस घर सोडता आलं नाही. दोन्ही दिवस तिचे प्रश्न येत राहिले, 'कुंभ्याला कळ्या आल्यात का?', 'आज जेवायला काय?' ती आमच्याइतकीच माथेरानात होती.

दुसरी बाजू अशी की मॅट्सच्या सोबत्यांना अखेर ऑस्लोला जावंसं वाटलंच. पडद्यावर एवढं सगळं होतं, तरी ते विमानात बसले. का?

याचं उत्तर मला पॉर्क्युपाइन पॉइंटवर मिळालं. सूर्यास्ताला सगळे तिकडे गेलो होतो. गर्दी पांगल्यावर काटेसावर एका दगडावर बसली. अर्जुनकाका तिच्या डाव्या बाजूला, मी उजवीकडे. तिच्या यजमानांच्या बातमीनंतर आम्ही साठ जणांनी तिला साठ निरोप पाठवले होते. हात जोडलेल्या खुणा, 'शब्द नाहीत', 'सावर स्वतःला'. तिनं सगळ्यांना मिळून एकच 'धन्यवाद' लिहिला होता. त्याला वर्ष होत आलं होतं. आता ती काही बोलली नाही, आम्हीही बोललो नाही. प्रबळगडाच्या बाजूला धुरकट अंधार झाला, वारा गार झाला, अर्जुनकाकांनी आपली शाल काढून तिच्या मांडीवर ठेवली आणि पुन्हा समोर बघत बसले. अर्धा तास तरी गेला असेल. उठताना ती एवढंच म्हणाली, "चला, जेवायला उशीर होईल."

फोनवर हे करता येत नाही. फोनवर जो गप्प असतो तो नसतोच. पडद्यावर असण्यासाठी सतत काहीतरी लिहावं लागतं, खूण पाठवावी लागते, हसावं लागतं. एकमेकांच्या सोबतीनं गप्प राहायचं असेल तर दोन देह एका जागी हवेत. आणि देह एका जागी असायचे तर आधी जागा हवी. माझं म्हणणं एवढंच आहे. आपली माणसं फोनमध्ये हरवली, त्यांना माणसांची आवड उरली नाही, असा जो सूर सध्या प्रत्येक व्याख्यानमालेत लागतो, तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. माणसांना माणसं हवी आहेत, पाच-पाच वर्षं ती शोधून, जपून ठेवतात. आपल्या शहरांनी मात्र त्यांना एकत्र बसायला जागा ठेवलेली नाही.

आमच्यातले सहाजण एकाच शहरात राहतो. एकमेकांपासून फार तर सात-आठ किलोमीटरवर. माथेरानच्या आधी आम्ही सहाजण एकत्र भेटलो होतो फक्त एकदा. रविवारी सकाळी दहाला बागेत जमलो. गवतावर बसायला मनाई, बाकावर तिघेच मावतात, म्हणून अर्धे उभे. अकराला रखवालदाराची शिट्टी, बाग बंद. मग समोरच्या हॉटेलात गेलो. चहा, पोहे, पुन्हा चहा. तिसऱ्या वेळी वेटरनं न मागता बिल आणून ठेवलं आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, लोक थांबलेत." त्याचं चुकलं नाही, ते त्याचं धंद्याचं टेबल. आम्ही फुटपाथवर येऊन दहा मिनिटं उभे राहिलो, मोटारसायकली अंगावरून जात होत्या, आणि 'परत भेटू' म्हणून पांगलो. परत भेटलो ते माथेरानला, साडेतीन वर्षांनी, माणशी अडीच हजार रुपये आणि प्रवासखर्च मोजून. तो खर्च झेपत नाही म्हणून गटातले दुसरे तिघेजण आले नाहीत. त्यांनी कारण वेगळं सांगितलं, पण आम्हाला कळलं. एकाच शहरातल्या सहाजणांना एकमेकांशेजारी बसण्यासाठी डोंगर चढून जावं लागतं, यात काहीतरी फार चुकलेलं आहे.

भेटीला आम्ही 'कट्टा' म्हणतो. 'या महिन्यात कट्टा करायचा का?' मराठीत इंटरनेटवर ओळख झालेली माणसं गेली वीसेक वर्षं हाच शब्द वापरत आली आहेत. या शब्दामागची जागा बघा. दादरचं शिवाजी पार्क १९२५ मध्ये खुलं झालं. अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहामुळे १९२७ मध्ये त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. मैदानाभोवतीची ती बुटकी भिंत म्हणजे कट्टा. गुडघ्याएवढी उंच, बसायला पुरेल एवढी रुंद. तिथं बसायला चहा घ्यावा लागत नाही, नाव सांगावं लागत नाही, कारण सांगावं लागत नाही, वेळ संपली म्हणून कुणी उठवत नाही. तिघे असोत की तेरा, ओळीनं मावतात. शेजारी अनोळखी बसला तरी चालतो. पिढ्यान् पिढ्यांची मैत्री, भांडणं, नाटकांच्या तालमींचे बेत, निवडणुकांचे अंदाज त्या भिंतीवर झाले. बांधकाम म्हणून ती काहीच नाही, थोडी वीट आणि गिलावा. गावोगावी देवळाचा ओटा, पिंपळाचा पार, चावडीची पायरी यांनीही हेच काम केलं. पण पारावर सगळ्यांना जागा नव्हती, हे आपण विसरू नये. कोण वर बसायचं, कोण खाली, कोणी तिकडे फिरकायचंच नाही, हे ठरलेलं होतं. बायका तर पाण्याला जाता-येता पाराकडे न बघता जायच्या. म्हणून 'जुना पार परत आणा' असं मी म्हणणार नाही. मला तो कट्टा हवा आहे जिथं कार्डं पालथी ठेवलेली असतील.

आता शब्द आमच्याजवळ राहिला आणि भिंत गेली. नव्या इमारतींभोवती जी कुंपणं उभी राहतात त्यांच्या माथ्यावर काचा किंवा टोकदार गज असतात. दुकानांच्या पायऱ्यांवर लोखंडी काटे ठोकलेले असतात, कुणी टेकू नये म्हणून. बसथांब्यांची बाकडी उतरती किंवा मधे दांडे घातलेली. बसलेला माणूस म्हणजे उपद्रव, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं आहे.

काटेसावर माथेरानला आली ती घरी खोटं बोलून. मावसबहिणीच्या मुलीचं केळवण आहे, असं सासरी सांगून निघाली. बेचाळीस वर्षांची, पंधरा वर्षं वर्गात उभी राहून शिकवणारी बाई. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तिनं हे सांगितलं तेव्हा आणखी चारजणी म्हणाल्या, आम्हीही. कुणी ट्रेनिंग सांगितलं होतं, कुणी देवदर्शन. 'फोनवर ओळख झालेल्या मित्रमैत्रिणींना भेटायला जाते' हे वाक्य आपल्या घरात उच्चारता येत नाही. आपल्या कुटुंबाच्या शब्दकोशात बाईच्या ओळखीला नात्याचं नाव लागतं. म्हणून तर गटावर सगळे एकमेकांना ताई, दादा, काका म्हणतात. त्यात माया आहे, पण त्यात परवानगीही आहे. 'दादा' म्हटलं की बोलणं निर्धोक ठरतं.

यावर काळजीनं बोलणारे म्हणतात, फसवणूक होते, बायका अडचणीत येतात, पेपरात रोज वाचतो. खरं आहे, होते. माझ्या ओळखीतल्या एका मुलीच्या बाबतीत झालेलीही आहे. पण ती कुठं झाली? बंद खोलीत, कारण भेटायला उघडी जागा नव्हती. अनोळखी माणसाला पहिल्यांदा भेटायचं तर चार माणसं आजूबाजूला असलेल्या, उजेडाच्या, ये-जा असलेल्या जागी भेटावं, हा शहाणपणाचा पहिला धडा आहे. आपण मुलींना तो शिकवतो आणि त्यांच्यासाठी अशी जागा मात्र ठेवत नाही. घरी खोटं सांगून निघालेल्या बाईचं काही बरंवाईट झालं तर ती मदत मागायलाही कचरते, कारण आधी खोट्याचा जाब द्यावा लागेल. सुरक्षिततेची काळजी असेल तर भेट उघड्यावर आणायला हवी.

या एकटेपणाकडे आता जगभर सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहिलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं जून २०२५ मध्ये अहवाल दिला. त्याप्रमाणे जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा ग्रासतो आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. खासदार जो कॉक्स यांची २०१६ मध्ये हत्या झाली, त्यांनी सुरू केलेल्या कामातून ब्रिटननं २०१८ मध्ये एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमला. जपाननं २०२१ मध्ये तसंच केलं. मंत्री नेमून काय साधलं याचा हिशेब त्या त्या देशातली माणसं देतील. मला जास्त शिकण्यासारखं वाटतं ते फिनलंडचं. तिथल्या ग्रंथालय कायद्यात, जो २०१७ पासून लागू आहे, सार्वजनिक ग्रंथालयाच्या कामांमध्ये पुस्तकांसोबतच शिकण्यासाठी, काम करण्यासाठी, विरंगुळ्यासाठी आणि नागरिकांच्या उपक्रमांसाठी जागा देणं हेही लिहिलेलं आहे. हेलसिंकीत डिसेंबर २०१८ मध्ये 'ओडी' हे ग्रंथालय उघडलं. तीन मजले आहेत आणि पुस्तकं मुख्यतः सगळ्यात वरच्या मजल्यावर. बाकीच्या जागेत माणसं शिवतात, वाजवतात, पोरांना खेळवतात, आणि बसतात. बसायचे पैसे नाहीत. ऐन हिवाळ्यात जिथं बाहेर उभं राहता येत नाही तिथं त्यांनी आपला पार छपराखाली आणला.

आपल्याकडे हे अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच घरातली मिळकत मोजलेली नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला आणि आज शासनमान्य ग्रंथालयांची संख्या साधारण अकरा हजारांच्या घरात आहे. खेड्यातल्या एका खोलीपासून शहरातल्या मजल्यांपर्यंत, प्रत्येकाजवळ छप्पर आहे, चार बाकं आहेत, आणि बहुतेकांजवळ रिकामी दुपार आहे. वाचकांची संख्या घटते म्हणून ग्रंथपाल हवालदिल असतात, आणि बसायला जागा नाही म्हणून माणसं हॉटेलचं बिल भरत असतात. या दोघांची गाठ घालून देणं हे सरकारचं काम आहे. अनुदान देताना पुस्तकांची आणि सभासदांची संख्या पाहतात, तशी आठवड्यातून किती तास एक खोली लोकांना बोलण्यासाठी उघडी असते हेही पाहावं. 'शांतता राखा' ची पाटी वाचनकक्षात राहू द्यावी. शेजारच्या खोलीत दुसरी पाटी लावावी.

ग्रंथालयांवरच थांबायचं कारण नाही. वॉर्डावॉर्डात समाजमंदिरं आहेत, ती लग्नमुंजीचे दिवस सोडले तर कुलुपात असतात. पालिकेच्या शाळांचे वर्ग शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी रिकामे. ज्येष्ठांसाठी कितीतरी शहरांत विरंगुळा केंद्रं झाली, आणि ती सुंदर चालतात. कॅरम, वर्तमानपत्रं, वाढदिवस, एखाद्याच्या जाण्यानंतरची शोकसभा, सगळं त्या एका खोलीत. म्हणजे कल्पना आपल्याला सुचलेली आहे आणि राबवताही येते. आपण फक्त असं धरून चाललो आहोत की साठीच्या आधी माणसाला विरंगुळा लागत नाही. तीस ते पन्नास वयातली माणसं, विशेषतः नोकरीसाठी परगावी आलेली, ज्यांची चाळही मागे राहिली आणि शाळासोबतीही, त्यांच्याइतकं एकटं आज कुणी नाही.

पैसा कुठून आणायचा, या प्रश्नाला उत्तर सोपं आहे, कारण इमारती उभ्या आहेत. एक पंखा, दिवे आणि किल्ली सांभाळणारा माणूस एवढाच खर्च. खरा अडथळा दुसराच आहे आणि तो कुणी उघड बोलत नाही. पुण्यासह अनेक शहरांत बागा दुपारी बंद ठेवण्याची रीत आहे. झाडांना पाणी घालायचं असतं, साफसफाई असते, ही कारणं सांगितली जातात. पण कुठल्याही रखवालदाराशी थोडं मोकळेपणानं बोलून पाहा, तो सांगेल, "जोडपी येऊन बसतात हो." एका तरुण मुलानं एका तरुण मुलीशेजारी बसू नये म्हणून आपण शहरातल्या लाखो माणसांना, म्हाताऱ्यांना, लेकुरवाळ्यांना, पाठीवर पिशवी घेऊन घरोघरी जाणाऱ्या डिलिव्हरीवाल्या पोरांना भर उन्हात सावलीबाहेर ठेवतो. मला हे अत्यंत अन्यायाचं वाटतं. आणि त्या जोडप्यांनी तरी जायचं कुठं? तीही दोन माणसंच आहेत, त्यांनाही एकमेकांशेजारी गप्प बसायचं असेल.

काहीजण म्हणतील, लांबच्या माणसांसाठी एवढा खटाटोप कशाला, आधी शेजाऱ्याशी दोन शब्द बोला. शेजारधर्म मला मान्य आहे. आमच्या मजल्यावरच्या आजींना रात्री दवाखान्यात नेलं ते शेजाऱ्यांनीच, परभणीहून कुणी धावून येणार नव्हतं. पण शेजार वाट्याला येतो आणि मैत्र निवडावं लागतं. करंजाच्या पानाबद्दल ज्याला तळमळ वाटते असा माणूस आपल्या मजल्यावर असेलच असं नाही, आणि नसेल तर त्या तळमळीनं मरून जावं असंही नाही. शिवाय भिंत एकच लागते. आमच्या सहाजणांना जो कट्टा मिळेल त्यावर शेजारच्या आजीही बसतील.

माथेरानहून आल्यावर आम्ही सहाजणांनी ठरवलं की आता साडेतीन वर्षं थांबायचं नाही. माझ्या घरापासून वीस मिनिटांवर एक सार्वजनिक सभागृह आहे, त्याची वरची छोटी खोली बहुधा रिकामीच असते. परवा त्यासाठी अर्ज आणायला गेले. खिडकीतल्या बाईंनी नीट माहिती दिली, भाडं सांगितलं, अनामत सांगितली. अर्जात एक रकाना होता, 'कार्यक्रमाचे स्वरूप'. त्याखाली चौकटी छापलेल्या, वाढदिवस, बारसे, साखरपुडा, सभा, प्रदर्शन, इतर. मी 'इतर'वर खूण केली. पुढे तपशिलासाठी एक ओळ होती. तिथं 'सहाजणांनी बसणे' असं लिहिलं. बाईंनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे नेमकं काय करणार?"

मी त्यांना काटेसावरीबद्दल सांगायला लागले. मागे रांग नव्हती. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "मी पुढे पाठवते, पण साहेब विचारतील." त्यांनी अर्जावर शिक्का मारला. तो कागद साहेबांच्या टेबलावर आहे. मार्चच्या पहिल्या रविवारची, सकाळी दहा ते एक अशी वेळ आम्ही मागितली आहे.